एएचएलचा गोलरक्षक एनएचएलच्या बाकावर बसवण्याआधी

एनएचएल ही आइस हॉकीची सर्वात वरची लीग, एएचएल तिच्या खालची. बचतीची टक्केवारी (अडवलेल्या फटक्यांचं प्रमाण) .915 दिसली म्हणून हुरळू नका. किमान 40 सामने बघा. दहा-बारा सामन्यांत नशीबही गोल अडवतं. मग व्हिडिओ लावा. आडवा पास गेला की तो आधी सरकून जागा घेतो, की तिथेच गुडघे टेकतो? लवकर बसणाऱ्याच्या खांद्यांवरचे कोपरे उघडे पडतात. छातीवर आलेला पक (खेळाची चकती) समोर सांडत असेल तर अजून खालीच बरा.

खरी परीक्षा बसून राहण्याची. एनएचएल हंगामातल्या ऐंशीहून अधिक सामन्यांपैकी दुसऱ्या गोलरक्षकाला साधारण 20 ते 30 मिळतात, बरेचदा लागोपाठच्या दोन रात्रींतली दुसरी. म्हणून एएचएलमध्येच आठ-दहा दिवस नुसता सराव देऊन थेट उतरवा. एकवीस-बावीसच्या पोराला मात्र बाकावर कुजवू नका. आणि वेव्हरची सूट (इतर संघांना उचलायची संधी न देता खाली पाठवण्याची मुभा) संपलीय का ते आधी तपासा. संपली असेल तर परत पाठवताना दुसरा संघ उचलून नेऊ शकतो.