क्यूजीआयएसमध्ये ऑनलाइन नकाशा: एकराचे त्रेचाळीस गुंठे का भरतात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शेताचा नकाशा संगणकावर करायला क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर पुरतं. फुकट आहे.

डावीकडच्या ब्राउझर पॅनेलमध्ये ‘एक्सवायझेड टाइल्स’ (नकाशाचे चौकोनी तुकडे पुरवणाऱ्या ऑनलाइन सेवा) उघडून ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) डबल क्लिक करा. रस्ते, गावं दिसतील. बांध दिसणार नाहीत. त्यासाठी उपग्रहचित्राची सेवा जोडायची: ‘एक्सवायझेड टाइल्स’वर राइट क्लिक, ‘न्यू कनेक्शन’, मग सेवेचा पत्ता. पत्त्यात झेड, एक्स, वाय ही अक्षरं महिरपी कंसांत हवीत. क्रम सेवेगणिक बदलतो: ओपनस्ट्रीटमॅपचा झेड-एक्स-वाय, एस्री या कंपनीचा झेड-वाय-एक्स. तो चुकला की पडदा कोरा, नाहीतर भलत्याच मुलखाचे तुकडे.

खरी मेख पुढे आहे. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये पहिला थर ऑनलाइन नकाशाचा टाकला की प्रोजेक्ट आपोआप ईपीएसजी ३८५७ वर जातो. हे वेब मर्केटर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची ऑनलाइन नकाशांची पद्धत; ईपीएसजी हा अशा पद्धतीचा क्रमांक. विषुववृत्तापासून दूर जावं तसं त्यात सगळं ताणलं जातं. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांशावर, म्हणजे लांबी सुमारे ४ टक्के आणि क्षेत्र ८ टक्के जास्त. एकराचे ४० गुंठे ४३ च्या वर जातात. बांधावर तीन गुंठ्यांवरून काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून उजव्या कोपऱ्यात खाली ईपीएसजीवर क्लिक करून ३२६४३ निवडा (यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे आपल्या पट्ट्यात मापं जवळपास खरी ठेवणारी पद्धत). मागची अक्षरं जरा पुसट होतील, होऊ द्या. शेताची आकृती काढायला नवा बहुभुज थर जिओपॅकेज या फाइल प्रकारात, याच ३२६४३ वर करा. शेपफाइल हा प्रकार नको, तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांवर तुटतं. डाव्या क्लिकने कोपरे, उजव्याने शेवट. चौरस मीटरला १०१.१७ ने भागलं की गुंठे. मोजपट्टीच्या खिडकीत ‘एलिप्सॉइडल’ (पृथ्वीची गोलाई धरून मोजणं) निवडलेलं असू द्या. ‘कार्टेशियन’ (सपाट धरून मोजणं) ३८५७ वर वापरलं की वरचाच घोळ. आणि हे सगळं अंदाजापुरतं. सरकारी मोजणीची जागा ते घेत नाही.

विहिरी, बोअर सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) आणताना एक्समध्ये रेखांश (७४.५), वायमध्ये अक्षांश (१५.८५). उलटं भरलं तर खानापूरची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. मराठी नावं असतील तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच साठवा.

छापताना ३०० डीपीआयवर (इंचामागे ठिपके) नकाशावरची नावं मुंगीएवढी होतात, कारण जास्त झूमचे तुकडे मागवले जातात. ९६ ते १५० ठेवा, आणि कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख विसरू नका.

ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स घाऊक उतरवून ठेवायला मनाई आहे. नेट नसलेल्या गावात काम असेल तर जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून ओपनस्ट्रीटमॅपची कच्ची माहिती घ्या. मात्र तिथे बेळगाव ‘सदर्न झोन’मध्ये आहे आणि महाराष्ट्रातलं चंदगड ‘वेस्टर्न’मध्ये, सीमेला लागून काम असेल तर दोन्ही फाइली उतरवाव्या लागतात.