भरलेली पिकअप घाटात दम सोडते? डिझेलचं प्रेशर कुठे कमी पडतंय, ते असं शोधा

सोयाबीनच्या सुगीत माजलगावकडून 25 कट्टे भरून लातूरच्या आडतीवर निघालो होतो. तेलगाव मागे पडलं, धारूरचा घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर गाडीनं मान टाकली. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, तरी गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. चावी बंद करून पुन्हा सेल मारला की थोडं अंतर बरी चालायची, मग परत तेच. सीताफळाच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. गाडी कशीबशी वर गेली. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला: पंप गेला, नोझलही करावे लागतील, 70,000 रुपये धरा.

शेवटी दोष निघाला तो फिल्टरजवळच्या वीतभर रबरी पाइपात. क्लॅम्पच्या खाली तो बारीक चिरला होता. बाहेर डिझेलचा एक थेंब नव्हता, म्हणूनच कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

विहिरीवर मोटार चालवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. डिलिव्हरीचा पाइप फुटला की कारंजं उडतं. सक्शनचा पाइप फुटला की पाणी बाहेर येतच नाही, हवा आत शिरते आणि मोटार पाणी सोडते. बऱ्याच पिकअपमध्ये टाकीपासून पंपापर्यंतची डिझेल लाइन अशीच ओढीची असते आणि पंपाच्या पुढची दाबाची. त्यामुळे ‘कुठं गळत तर नाही, मग लाइन चांगली आहे’ हा हिशेब ओढीच्या बाजूला चालत नाही. काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. तिथे ही लाइनही दाबाखाली असते आणि फुटली तर गळते. तुमची गाडी कोणत्या जातीची आहे, हे आधी माहीत करून घ्या.

खरंच डिझेल कमी पडतंय का?

दम नाही म्हणजे डिझेलचंच प्रेशर कमी, असं नसतं. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल आणि शिट्टीसारखा आवाज होत असेल, तर डिझेल पुरेसं आहे, हवा कमी पडतेय. टर्बोचा होज फाटला आहे का, एअर फिल्टर आपल्या काळ्या मातीच्या धुळीनं गच्च झालाय का, ते बघा. डिझेल कमी पडतं तेव्हा गाडी धूर न काढता नुसती बसते. रिकामी असताना ठीक, माल भरून चढ लागला की धक्के देते. रात्रभर उभी राहिली की सकाळी लांबलचक सेल घेते. सेल मारताना मागे धुराचा मागमूसच नसेल, तर इंजिनपर्यंत डिझेल पोचत नाही असं समजायला हरकत नाही.

हात लावण्याआधी

ही गोष्ट वाचून पुढे जाऊ नका, डोक्यात ठेवा. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरमध्ये साधारण 4 बार हवा असते. कॉमन रेल इंजिनमध्ये (पंप डिझेल ‘रेल’ नावाच्या जाड नळीत दाबून ठेवतो, तिथून नोझल ते इंजिनात फवारतात) नुसत्या आयडलिंगला 250 ते 300 बारच्या आसपास प्रेशर असतं आणि पूर्ण लोडवर ते हजारांत जातं. पंप, रेल आणि नोझल यांच्यामधले स्टीलचे पाइप इंजिन चालू असताना कधीच सैल करायचे नाहीत. जुन्या ट्रॅक्टरवर एअर काढायला नोझलचा नट ढिला करायची सवय अनेक मिस्त्र्यांच्या हाताला आहे. त्या इंजिनावर ते चालून जायचं, इथे ते जिवावर बेतू शकतं. या पाइपांवर गळती आहे का ते बोटानं चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसली तर वर फक्त सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत मांस सडायला लागतं. अशा वेळी घरगुती उपाय न करता त्याच तासाला सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं.

कुठलाही पाइप सोडण्याआधी इंजिन बंद करून गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आसपास विडी-सिगारेट नको. मग सुरुवात.

टाकी

काट्यावर विश्वास ठेवू नका. काटा पाव दाखवत असतो आणि चढावर डिझेल मागे सरकलं की पंप हवा ओढतो. आधी 10-15 लिटर डिझेल टाका आणि त्याच चढावर पुन्हा बघा. हसू नका, मी हे करायचं विसरलो होतो.

गाडी दम सोडत असताना टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर झाकणातला हवेचा मार्ग बुजलाय. झाकण धुवा, नाहीतर बदला.

आता टाकीतली जाळी. आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल आणून ठेवतात आणि अडीनडीला तेच पिकअपमध्ये ओततात. ड्रमच्या तळाचा गंज, माती, पावसाळ्यात झिरपलेलं पाणी, सगळं टाकीत जातं आणि जाळीवर बसतं. जाळी पाहायला टाकी उतरवावी लागत असेल, तर त्याआधी एक सोपी तपासणी आहे. टाकीकडून फिल्टरला येणारा पाइप सोडा आणि त्याजागी स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून पाइप जोडा. गाडी चांगली चालली, तर दोष टाकीत किंवा टाकी ते फिल्टर या पाइपात आहे. कॅन मात्र टाकीच्याच उंचीला ठेवा. बॉनेटवर ठेवला तर डिझेल उतारानं आपोआप येतं, पंपाला ओढावंच लागत नाही आणि दोष झाकला जातो. रिटर्नचं डिझेल, म्हणजे इंजिनाकडून उरून परत येणारं, टाकीत जात राहणार, म्हणून कॅन भराभर रिकामा होईल, तिकडेही लक्ष ठेवा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीवर ही तपासणी लागू पडत नाही.

फिल्टर आणि पाणी

फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो. खाली काचेची बरणी धरा, स्क्रू सैल करा, कपभर घ्या आणि बरणी 10-15 मिनिटं हलवू नका. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, खाली थर बसतो. थर दिसला तर नुसतं डिझेल येईपर्यंत काढत राहा. बरणी उन्हात धरून तळात काय चमकतंय तेही बघा. चमचम दिसली तर ती गोष्ट पुढे येते.

फिल्टर कधी बदलायचा, तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो चांगल्या डिझेलसाठी आहे. ड्रमचं डिझेल वापरत असाल तर मी निम्म्यातच बदला म्हणेन. बदलताना जुनी रबरी रिंग वर चिकटून राहिली नाही ना, ते पाहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की तिथूनच हवा आत जायला सुरुवात होते आणि ‘नवा फिल्टर टाकला तेव्हापासून गाडी बिघडली’ ही तक्रार ऐकू येते. नव्या फिल्टरमध्ये मधल्या भोकातून डिझेल ओतून भरू नका. ती बाजू गाळून झालेल्या डिझेलची असते, तिथे ओतलेला कचरा थेट पंपात जातो. डिझेल लाइनवरच्या, हातानं दाबायच्या छोट्या हातपंपानंच भरा. फिल्टरवर मार्करनं किलोमीटर लिहून ठेवा.

हवा

माझ्या मते निम्मं काम इथेच आहे. हातपंप दाबत राहा. थोड्या दाबांनंतर तो कडक व्हायला हवा. होतच नसेल तर हवा येतेय, नाहीतर त्याच्या आतला व्हॉल्व्ह गेलाय. सकाळी तो मऊ लागतो आणि दाबून कडक केला की गाडी एका सेलमध्ये उठते, असं असेल तर रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरतंय. फुटबॉल (सक्शन पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) गळायला लागला की विहिरीच्या मोटारीचं होतं तसंच. तिथे आपण शेणकाला ओतून काम भागवतो, इथे ती सोय नाही. रबरी हातपंपावरचा बाण इंजिनाकडे आहे का, तेही बघून घ्या. उलटा बसवलेला मी स्वतः पाहिलाय.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक पाइप जोडा आणि गाडी चालू करा. एअर काढल्यावर सुरुवातीला दोन-चार बुडबुडे जाणारच. पाच मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ चालूच असेल, तर ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय. आता टाकीपासून एकेक जोड तपासा: क्लॅम्प, बॅंजो बोल्टचे (पाइप जोडायचे पोकळ बोल्ट) वायसर, पाइपाची टोकं, फिल्टरची रिंग. संशय येईल त्या जोडावर दाढीचा फेस किंवा घट्ट ग्रीस थापा. थापल्याबरोबर बुडबुडे थांबले, तर जागा सापडली. पाइप वाकवून पाहिल्याशिवाय सोडू नका, चीर सरळ पाइपात दिसत नाही. मे महिन्यातल्या 42-43 अंशांच्या उन्हात, इंजिनाच्या झळीत, रबर वाळून फुटतं. पाइप बदलायचा तर डिझेललाच चालणारा घ्या, पाण्याचा नको. क्लॅम्पच्या जागी बायंडिंगची तार पिळली असेल तर ती आजच काढा.

पारदर्शक पाइप फक्त तपासणीपुरता. कायमचा ठेवला तर कडक होऊन तोच फुटतो.

टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत चावी फिरवली की दोन-तीन सेकंद ‘घूं’ असा आवाज येतो. आवाजच नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि वायर बघा. धान्य वाहणाऱ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, हे काही नवीन नाही. आवाज असेल तर लाइनला गेज लावा. किती बार हवेत तो आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

स्कॅनर

इथपर्यंत काही सापडलं नाही तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) असलेल्या मिस्त्रीकडे जा, पण त्याला एक सांगा: कोड लगेच पुसू नको. पी0087 हा कोड रेलमधलं प्रेशर कमी असल्याचा. तो पंप गेला असं सांगत नाही, रेलमध्ये दाब हवा तेवढा झाला नाही एवढंच सांगतो. चिरलेल्या पाइपानंही तोच येतो. माझ्या गाडीतही हाच कोड होता आणि त्याच्यावर 70,000 चा आकडा उभा राहिला होता.

लाइव्ह डेटा उघडून तीन गोष्टी बघायला लावा. इंजिन बंद करून थोडा वेळ झाल्यावर रेल प्रेशर शून्याच्या जवळ दिसायला हवं. तेव्हाही मोठा आकडा दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. सेल मारताना दीडशे-दोनशे बार तरी झाले पाहिजेत, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नोझल उघडतच नाही आणि बॅटरी संपेपर्यंत सेल मारून उपयोग नसतो. तिसरी, गाडी लोडवर चालवून मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर शेजारी ठेवा. चढावर दोघांतलं अंतर वाढत गेलं तर पुरवठा कमी पडतोय. मिळालेल्या प्रेशरचा आकडा वरखाली नाचत असेल तर हवेचा किंवा पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हचा (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) संशय धरा.

नोझलचा रिटर्न

दाब तयार होतो पण टिकत नाही, असंही होतं. घासलेल्या नोझलमधून डिझेल रिटर्न लाइनला पळतं, बाहेर काही दिसत नाही. चारही नोझलचे रिटर्न पाइप काढून सारख्या चार बाटल्यांत सोडा आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत निम्मी, तर चोर सापडला. एकाच नोझलचा दोष असताना चारही नोझल बदलायला होकार देऊ नका. चारही बाटल्यांत थोडंथोडं आणि सारखंच आलं, तरी प्रेशर कमीच, तेव्हा मात्र रेलवरचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, मीटरिंग व्हॉल्व्ह आणि मग पंप. पिझो (विजेवर हलणाऱ्या स्फटिकानं उघडणारे) नोझल असलेल्या गाडीत रिटर्न लाइनही दाबाखाली ठेवलेली असते, तिथे ही बाटल्यांची पद्धत वापरायची नाही.

पंपाला हात लावायच्या आधी ती बरणीतली चमचम आठवा. फिल्टरच्या तळात लोखंडाचा चुरा असेल, चुंबकाला चिकटत असेल, तर पंप आतून झिजतोय आणि चुरा रेल-नोझलपर्यंत गेला असण्याची शक्यता आहे. नुसता पंप बदलून काम होणार नाही, टाकीपासून रेलपर्यंत सगळं धुवावं लागतं आणि नोझल तपासावे लागतात. हे घरच्या अंगणात करायचं काम नाही.

पंप असा का झिजतो, हे विचारलंत तर: या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. त्यात रॉकेल मिसळलं की वंगण पातळ झालं. जिथे डिझेल भरता त्या पेट्रोल पंपावर संशय असेल तर डिझेलची घनता मोजून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. आणि ‘नोझल साफ होतात’ म्हणून कुणी टाकीत रॉकेल टाकायला सांगितलं, तर त्याच्याकडे गाडी पुन्हा नेऊ नका.

काम झाल्यावर

हातपंप कडक होईपर्यंत मारा, मग सेल. सेल सलग 10 सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा. गाडी उठली की पाच मिनिटं आयडलिंगला ठेवा आणि सोडलेल्या प्रत्येक जोडाखाली पुठ्ठा धरून बघा. मोकळी गाडी गॅरेजभोवती फिरवून ‘झालं’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मोकळ्या गाडीला हा आजार होतच नाही. मी पाइप आणि दोन क्लॅम्प बदलले, पारदर्शक पाइप मुद्दाम तसाच ठेवला, पुढच्या खेपेला पुन्हा 25 कट्टे भरले आणि धारूरच्या माथ्यावर थांबून बॉनेट उघडलं. पाइपात नुसतं डिझेल होतं. तिथेच तो काढून टाकला आणि लातूर गाठलं.