पाणबुडी तळाला टेकवताना या चुका टाळा

पाणबुडी समुद्राच्या तळाशी नेऊन टेकवायची, मोटर बंद, आवाज बंद, आणि वरचं संकट टळेपर्यंत गप्प पडून राहायचं. १९४४-४५ मध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हेच करत. आसपास बुडालेल्या जहाजांचे सांगाडे आणि भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह असले की वरून शोधणाऱ्याच्या सोनारला (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारं यंत्र) पाणबुडी कोणती आणि सांगाडा कोणता हे कळेनासं व्हायचं. बॅटरीही वाचायची. पण टेकणं हा यातला सोपा भाग. उठताना जो घोळ होतो, त्याचं मूळ बहुधा टेकण्याआधीच पडलेलं असतं.

फक्त खोली बघणं

सागरी नकाशावर खोलीच्या आकड्याजवळ तळ कसला आहे हेही दिलेलं असतं: वाळू, चिखल, शिंपले, खडक. घट्ट, सपाट वाळू सर्वांत बरी. खडकावर कवच घासतं, आणि तो आवाज पाण्यात दूरवर जातो; म्हणजे लपायला गेलो आणि दवंडी पिटली. उतारावर गोल पोटाची पाणबुडी एका अंगाला कलंडते. कल फार वाढला तर बॅटऱ्यांमधलं आम्ल सांडायची भीती, आणि बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद नळकांड्यात तो कुणाला नको असतो.

गाळातून हिसका मारून उठणं

सगळ्यांत घातक चूक हीच. चिखलात पाय रुतला असताना सरळ वर खेचून बघा: पाय निघतो, बूट तिथेच राहतो. बूट उचलू लागलं की खाली पोकळी होऊ पाहते, तिच्यात पाणी किंवा हवा लगेच शिरत नाही, आणि चिखल बूट सोडत नाही. टाच जरा इकडेतिकडे हलवली की 'चुप्प' आवाज होऊन तो सुटतो. पाणबुडीचं तसंच. दर १० मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो. पोटाखाली पाणी झिरपलं नाही, तर तिथला दाब पडतो आणि वरच्या पाण्याचा दाब तिला तळाशी चेपून धरतो.

आता कप्तान काय करतो? वजनासाठी पाण्याने भरलेल्या टाक्यांत हवा सोडून पाणी आणखी बाहेर काढतो. तरी हलत नाही. आणखी काढतो. मग गाळ एकदम सोडतो, आणि गरजेपेक्षा कितीतरी हलकी झालेली पाणबुडी बुचासारखी वर सुटते. वर येताना टाक्यांतली हवा फुगते, उरलंसुरलं पाणी बाहेर ढकलते, वेग वाढतच जातो. पृष्ठभागावर एखादं जहाज असेल तर विचारायलाच नको.

अमेरिकेची 'स्क्वालस' १९३९ मध्ये सुमारे ७३ मीटर खोलीवर बुडाली. ती अपघाताने गेली होती, मुद्दाम टेकवलेली नव्हती, पण धडा तोच. १३ जुलैला तिला उचलायचा प्रयत्न झाला, तेव्हा तिचं नाक अनावर वेगाने पाण्याबाहेर उसळलं, आणि काही क्षणांत पाणबुडी पुन्हा तळाशी गेली. ती बंदरात यायला सप्टेंबर उजाडला.

योग्य रीत संथ आहे. पाणी थोडं थोडं काढायचं, आधी एक टोक हलकं करायचं, मग थांबायचं. पाण्याला पोटाखाली झिरपायला वेळ मिळाला की कमी जोरातही सुटका होते. आणि सुटल्या क्षणी टाकीत पाणी परत घ्यायची तयारी हवी.

पाणी खेचणारी तोंडं विसरणं

अणुपाणबुडीला वाफेचं पाणी करण्यासाठी बाहेरचं थंड पाणी सतत लागतं. ते आत घेणारी तोंडं खालच्या बाजूला असतील तर पाण्याबरोबर गाळ येतो, कंडेन्सर (वाफेचं पाणी करणारं यंत्र) तुंबतो, आणि ऊर्जा हवी तेव्हाच मिळत नाही. अमेरिकेच्या 'एनआर-१' या छोट्या अणुपाणबुडीला तळावर टेकण्यासाठी रबरी टायरची चाकं लावली होती. हे ऐकून हसू येतं, पण पोट गाळापासून वर ठेवायचा तो सरळ उपाय होता.

शेपटीचंही तेच. अधिक-चिन्हासारख्या सुकाणूचं खालचं पातं तळाला आधी लागतं. उथळ बाल्टिक समुद्रात वावरणाऱ्या स्वीडनच्या 'गॉटलंड' वर्गातल्या पाणबुड्यांचं सुकाणू फुलीच्या आकाराचं आहे, ते पोटाच्या खाली लोंबत नाही. ज्या पाणबुडीची शेपटी तशी नाही, तिने हा नाद करूच नये.

अर्धवट वजनाने बसणं

पुढे उठायला सोपं जावं म्हणून जेमतेम वजन ठेवून बसलं, तर प्रवाह पाणबुडीला फरफटत नेतो. उथळ पाण्यात वरच्या लाटांची हालचाल खालपर्यंत पोचते, आणि कवच तळावर आपटत राहतं. थोडं जास्तीचं पाणी घेऊन घट्ट बसलेलं बरं. वादळाचा अंदाज असेल तर मुळात बसूच नये.

तळावर काय पडलंय ते न बघणं

टाकून दिलेली जाळी, दोरखंड, केबली. ऑगस्ट २००५ मध्ये कामचाटकाजवळ सुमारे १९० मीटर खोलीवर रशियाची 'एएस-२८' अशाच गुंत्यात अडकली. आत ७ जण, आणि श्वासापुरती हवा दर तासाला कमी होत चाललेली. ब्रिटनहून 'स्कॉर्पिओ' हे दूरनियंत्रित यान विमानाने आणलं, त्याने गुंता कापला, आणि सातही जण वाचले. ही 'एएस-२८' मुळात अडकलेल्या पाणबुड्यांतल्या माणसांना वाचवण्यासाठी बांधलेली होती.