सॅक घेताना आधी टेप काढा

माझे वडील लालबागला शिंपीकाम करायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायचे नाहीत. ‘पाच फूट सहा इंच’ असं कुणी नुसतं तोंडी सांगितलं की म्हणायचे, “उंची कळली हो, पण त्यातली पाठ किती आणि पाय किती?” सॅकच्या दुकानात उभी राहिले की मला हेच वाक्य आठवतं.

दिवाळीनंतर भाचा घरी आला. डिसेंबरात मित्रांबरोबर रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईच्या खिंडीतून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, असा तीन दिवसांचा बेत. “आत्या, ७० लिटरची घेतोय. सेल लागलाय.” मी म्हटलं, थांब जरा.

मी स्वतः पहिली सॅक घेतली ती ७५ लिटरची. मोठी असलेली बरी, हाच विचार. शिवाय दुकानदार म्हणाला, “मॅडम, बेल्ट आवळा, बसेल बरोबर.” बसली नाही. कमरेचा पट्टा कमरेच्या खाली घसरायचा, सगळा भार खांद्यांवर. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर तर कमालच झाली. वरची पायरी बघायला मान उचलली की सॅकचं टोपण डोक्याच्या मागच्या बाजूला आपटायचं. मी ती शिडी चाचपडत, आंधळ्यासारखी चढले. मुक्कामी शर्ट काढला तर दोन्ही खांद्यांवर लाल पट्टे. ती सॅक सध्या माळ्यावर आहे, दोन गोधड्या आणि एक जुना टेबलफॅन पोटात घेऊन.

मोठ्या सॅकचा आणखी एक त्रास. अर्धी रिकामी राहिली तर सामान तळाशी गोळा होतं, पाठीपासून सुटतं आणि प्रत्येक पावलाला हिंदकळतं. बरं, रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतो. ‘राहू दे, लागली तर लागली’ म्हणत दुसरा टॉवेल जातो, तिसरी पँट जाते. चढ मात्र तेवढाच राहतो.

लिटरचा ढोबळ हिशोब ट्रेक करणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असतो. एका दिवसाच्या ट्रेकला २० ते ३०. सह्याद्रीत एक-दोन मुक्काम आणि जेवण गावात, तर ३५ ते ४५. स्वतःचा टेंट, स्टोव्ह, शिधा घेऊन दोन-तीन रात्री, तर ५० ते ६०. हिमालयात टेंट आणि स्वयंपाकाचं सामान खेचरांवर जाणार असेल तर ५० च्या आसपास भागतं. सगळं आपणच वाहायचं असेल तर ६५-७०. पण हा झाला तयार कपड्यांचा हिशोब. आपलं माप आपल्या सामानावरून निघतं.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, जे नेणार आहेस ते सगळं आण आणि हॉलमध्ये जमिनीवर मांड. स्लीपिंग बॅग, जॅकेट, थर्मल, दोन टी-शर्ट, ट्रॅक पँट, तीन जोड मोजे, ताट-मग, टॉर्च, पॉवर बँक, औषधं, मुक्कामावरच्या चपला. त्यासोबत एक जीन्स, डिओचा डबा आणि ब्लूटूथ स्पीकरही आला होता. जीन्स भिजली तर दोन दिवस वाळत नाही, ती बाहेर. डिओही बाहेर. स्पीकरवरून जरा वाद झाला. मी म्हटलं, कोकणकड्यावर संध्याकाळी गाणी लावणाऱ्यांना काय शिव्या पडतात ते तू ऐकलेलं नाहीस. तोही बाहेर.

मग खाली वाण्याकडून बिस्किटांचा एक रिकामा खोका आणला. वडिलांची टेप अजून माझ्याकडे आहे, पिवळी पडलेली, टोकाची पत्री निघालेली. खोका ४५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद. सगळं सामान त्यात हाताने दाबून भरलं, कुठे पोकळी ठेवली नाही. ३० सेंटीमीटर उंचीपर्यंत आलं. ४५ गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे ४०,५००. त्याला हजाराने भागलं की साडेचाळीस लिटर. वर कोरडा खाऊ आणि वाटून आलेला शिधा, पाच लिटर धरा. थोडी जागा मोकळीही हवी, कारण घरी पंख्याखाली आरामात भरलेली सॅक पहाटे गार पडलेल्या बोटांनी तशीच्या तशी कधीच भरली जात नाही. म्हणजे ५० लिटर. टेंट गटाचा होता. टेंटचं कापड एकाकडे, काठ्या आणि खुंट्या दुसऱ्याकडे अशी वाटणी होणार होती. त्याच्या वाट्याला काठ्या आल्या आणि त्या सॅकच्या कडेला बाहेरून बांधता येतात. सबंध टेंट पोटात घ्यायचा असता तर आणखी सात-आठ लिटर धरावे लागले असते.

सगळ्यात जास्त जागा स्लीपिंग बॅग खाते. स्वस्त सिंथेटिक बॅग दाबूनही बारा-चौदा लिटर घेते, पिसांची त्याच्या निम्म्यात मावते. पण पिसांची बॅग महाग, आणि ओली झाली की तिची ऊब जाते. फोमची कॅरीमॅट, म्हणजे झोपायला अंथरायची चटई, तर सॅकमध्ये घालायचीच नाही, बाहेर बांधायची. फक्त कारवीच्या रानातून जाताना आडवी बांधली तर प्रत्येक झुडपात अडकते, उभी बांधा.

सॅकवर ‘५०+१०’ असं लिहिलेलं असतं, त्यातले वरचे १० म्हणजे टोपणाखालचा कापडी गळा उंच करून मिळणारी जागा. ती परतीच्या ओल्या कपड्यांसाठी ठेवा. सुरुवातीलाच गळा उंच केला की सॅक डोक्याच्या वर जाते, आणि मग माझी रतनगडाची शिडी आठवा.

जागेनंतर वजन. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या भागाहून जड नको, असा सर्वसाधारण आडाखा आहे. भाचा ६२ किलोचा, म्हणजे साधारण १२ किलो. घरी मोजायला सोपं: वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग सॅक घेऊन, आणि वजाबाकी करायची. पाणी यातच धरायचं. लिटरमागे एक किलो, त्याला काही इलाज नाही. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत तीन-चार लिटर पाणी पाठीवर लागतं, म्हणजे तेव्हा वजनातला मोठा वाटा पाण्याचाच. म्हणून रिकाम्या सॅकचं वजनही विचारा. ५० लिटरची चांगली सॅक दीड किलोच्या आसपास असते. काही दणकट मॉडेलं रिकामीच अडीच किलोला जातात.

आता पाठ. हे माप स्वतःचं स्वतः घेता येत नाही, दुसरं माणूस लागतं. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी एक हाड ठळक वर येतं, तिथे टेपचं एक टोक. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवायचे की अंगठे मागे येतील आणि पंजे कमरेच्या हाडाच्या माथ्यावर टेकतील. हे हाड बरेच जण चुकतात. पँटचा पट्टा जिथे असतो त्याच्या थोडं वरच असतं ते. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ मनात काढायची आणि मानेच्या हाडापासून त्या रेघेपर्यंत टेप मणक्याच्या वळणावरून सोडायची, ताणायची नाही. भाच्याचं माप भरलं ४७ सेंटीमीटर, माझं ४१. माझी एक मैत्रीण माझ्याच उंचीची, तिचं ४५. आम्ही एकमेकींच्या साड्या नेसतो, पण सॅक बदलून चालत नाही.

बहुतेक सॅक लहान, मध्यम, मोठी अशा पाठीच्या मापात येतात किंवा मागचा पट्टा वर-खाली सरकवता येतो. हे लिटरपासून वेगळं असतं. ५० लिटरची सॅक लहान पाठीचीही मिळते. प्रत्येक कंपनीची मापं थोडी वेगळी, तेव्हा लेबलवरचे सेंटीमीटर वाचा. बायकांसाठीच्या सॅकला खांद्याचे पट्टे जवळ आणि वळणदार असतात, कमरेचा पट्टा तिरका असतो. नुसता जांभळा रंग देऊन ‘लेडीज’ म्हणणारेही आहेत. पट्टे बघा, रंग नाही.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघणं म्हणजे कच्ची टीप न घालताच ब्लाउज शिवणं. वजन घालूनच बघायचं. काही दुकानांत वाळूच्या पिशव्या असतात, पण आम्ही गेलो तिथे नव्हत्या. मग शेजारच्या वाण्याकडून पाच किलोच्या कोलमच्या दोन पिशव्या विकत घेतल्या आणि आत उभ्या ठेवल्या. दुकानातल्या मुलाने आमच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण तो काही बोलला नाही.

आधी सगळे पट्टे सैल. पहिल्यांदा कमरेचा पट्टा, तो पोटावर नाही, कमरेच्या हाडावर. हाड पट्ट्याच्या मध्यावर आलं पाहिजे. मग खांद्याचे पट्टे, खांद्याला चिकटतील इतकेच. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे. ते साधारण ४५ अंशात वर जायला हवेत. आडवे गेले किंवा खाली उतरले तर सॅक पाठीला आखूड. छातीचा पट्टा शेवटी, श्वास अडणार नाही असा. आता खांद्याच्या पट्ट्यांखाली दोन बोटं सरकवा. सहज गेली तर भार कमरेवर आहे.

मग भाच्याला म्हटलं, जिने चढ. चार वेळा वर-खाली. उकिडवा बस, मान वर करून छताकडे बघ, वाकून बुटाची नाडी बांध. पहिल्या सॅकमध्ये वर बघताना डोकं आपटलं. दुसरीत कमरेचा पट्टा पूर्ण आवळूनही सैलच राहिला; सडपातळ पोरांचा हा नेहमीचा घोळ. तिसरी बसली. वीस मिनिटं तशीच घालून ठेवायला लावली.

मुंबईकरांसाठी एक वेगळी चाचणी आहे. ट्रेकला जाताना आधी रात्रीची शेवटची कसारा लोकल असते. दारात पाठीवर सॅक ठेवून उभं राहिलं तर मागचा माणूस जे बोलतो ते इथे लिहिता येत नाही. सॅक पुढे घ्यायची किंवा रॅकवर टाकायची, आणि सुटे पट्टे आधी खोचून ठेवायचे. घाटकोपरला उतरणाऱ्या एका बाईंच्या पर्सला माझा पट्टा अडकून आम्ही दोघी दारापर्यंत एकत्र गेलो होतो.

पावसाळ्यासाठी रेनकव्हर सॅकच्या मापाचंच घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. त्यापुढे पावसाचं काही सांगण्यासारखं नाही.

घरी आल्यावर भाचा सॅक घालूनच चार मजले चढला आणि दारातच ती धपकन खाली आपटली. कोलमची एक पिशवी आतल्या आत फुटली. आम्ही दोघांनी परातीत सॅक उलटी करून झटकली, तरी हरिश्चंद्रगडावरून आल्यावर त्याने फोन केला, “आत्या, स्लीपिंग बॅगमध्ये तांदूळ निघाले.”