पॉन्टून कुठे गळतोय? उन्हाला विचारा

घरी बांधलेल्या कॅटामरानचा (दोन तरंगत्या अंगांवर उभ्या होडीचा) एक पॉन्टून, म्हणजे तिला तरंगवणारी हवाबंद नळी, हळूहळू पाणी पितो, होडी एका अंगाला कलते, आणि फट काही सापडत नाही. आतल्या हवेचा दाब वाढवायला कॉम्प्रेसर नको, मुंबईचं ऊन पुरेसं आहे.

१. पीव्हीसी पाइपच्या पॉन्टूनचं बूच पहाटेच्या गारव्यात घट्ट लावा.

२. दुपारपर्यंत उन्हात ठेवा. आतली हवा २७ अंशांवरून ५० वर गेली की दाब साधारण ८ टक्के वाढतो. तेवढा भरपूर.

३. भांड्यांच्या साबणाचा फेस ब्रशने सांध्यांवर, बुचाभोवती आणि प्रत्येक स्क्रूवर लावा. मी पाइपच्या टोकाच्या टोपीच्या सांध्याकडे टक लावून बसलो होतो; बुडबुडा आला दोर बांधायच्या कडीच्या स्क्रूखालून. मोहरीएवढा, पण थांबेना. (पॉन्टूनला स्क्रू मारूच नयेत, पट्ट्याने आवळावं, हे तेव्हा कळलं.)

४. पेन्सिलने खूण करा, बूच काढा, जागा कोरडी घासून इपॉक्सी भरा.

एक सांभाळा: वर्सोव्याच्या वाळूत तापलेला पॉन्टून बूच लावून तसाच खाडीत ढकलू नका. हवा गार होऊन आकसते आणि बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढते. किनाऱ्यावर बूच सैल ठेवा, सावलीत गार झाल्यावरच आवळा.