होल्डरवर ६० वॅट लिहिलंय तर १०० चा बल्ब नका लावू

चाळीत माळ्याखाली, गणपतीच्या मखरात उजेड कमी वाटला की लोक सरळ १०० वॅटचा पिवळा (आत तार असलेला जुना) बल्ब चढवतात. प्लीज नका करू. त्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, ती होल्डरपाशी साठते, वायरचं कव्हर कडक होऊन तडकतं आणि मग शॉर्ट, शेजारी थर्माकोल नाहीतर पडदा असेल तर आगच. एमसीबीच्या (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) भरवशावर राहू नका, १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, होल्डर नुसता भाजत असेल तर एमसीबीला कळणारच नाही.

आधी मेन स्विच बंद, बल्ब थंड होऊ द्या, मग काढून होल्डरवर नाहीतर शेडच्या आत मॅक्स किती वॅट लिहिलंय ते टॉर्च मारून बघा. होल्डर तपकिरी पडलाय, पिना ढिल्या झाल्यात, जळका वास येतोय तर इलेक्ट्रिशियनकडून बदलूनच घ्या, नवे होल्डर मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात ढिगाने मिळतात.

उजेड हवाय ना, मग ९ वॅटचा एलईडी साधारण ६० वॅटच्या पिवळ्या बल्बाएवढा उजेड देतो. फक्त पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात लावणार असाल तर तिथे चालतो का ते पॅकेटवर वाचून घ्या, कोंडलेल्या उष्णतेने एलईडी लवकर जातो.