नवी मुंबईत घर घ्यायचंय? आधी वर्षभर भाड्याने राहा

परवा लातूरहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरलेला काय वाईट?" २००९ला मी इथे आलो तेव्हा माझ्याही तोंडी हेच होतं. त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. पहिलं वर्ष भाड्याने राहा, आणि जिथे घर घ्यायचंय त्याच नोडमध्ये, म्हणजे वाशी, खारघर अशा उपनगरात राहा.

कारण इथे एक बाजार नाही, नोडागणिक वेगळा आहे. वाशी-नेरुळला जुन्या इमारती, स्टेशन जवळ, बहुतेक व्यवहार रीसेलचे. उलव्याच्या भावात मात्र अटल सेतू आणि विमानतळ आधीच धरलेला असतो. विमानतळ येणार म्हणून लोकांनी किती वर्षं हप्ते भरले! विमानं उडाली २५ डिसेंबर २०२५ला. म्हणून भाव ऐकलात की त्याच इमारतीतलं भाडंही विचारा. भाडं आजची गरज सांगतं, भावात उद्याची आशा मिसळलेली असते. दोन्हींत फार अंतर दिसलं, तर त्या आशेचे पैसे तुमच्या खिशातून जाणार हे धरून चला.

आता पैशांचं. ७० लाखांचा फ्लॅट असेल तर बँक साधारण ८० टक्के देते, म्हणजे घरचे १४ लाख. त्यावर ७ टक्के स्टॅम्प ड्युटी ४ लाख ९० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर ड्युटीत १ टक्का सूट आहे, घरात जरूर बोला. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या घराला तो नाही. बांधून झालेलं पण ओसी नसलेलं स्वस्त घर मला कुणी फुकट दिलं तरी नको. त्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि पुढे विकताना तुमच्या गिऱ्हाईकालाही मिळणं कठीण.

माझी खरी फजिती कामोठ्यात झाली. एका फ्लॅटसाठी ५१ हजार टोकन, म्हणजे बयाणा, दिला, पावती घेतली, भाड्याचं घर सोडायची नोटीसही दिली. मग फ्लॅट विकणारे मालक म्हणाले, सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस तुमचे. मला तर असं काही असतं हेच माहीत नव्हतं. इथली बहुतांश जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. त्यामुळे घर हातबदल होताना सिडकोची परवानगी आणि तिचे पैसे लागू शकतात. दोन महिने व्यवहार अडला. बायको-पोरं बांधलेल्या खोक्यांमध्ये झोपत होती. शेवटी निम्मे-निम्मे ठरले, ते दलालाच्या टेबलावर त्याच पावतीच्या मागे पेनाने लिहून घेतले. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहून घ्या: ट्रान्सफर कोण भरणार, सोसायटीची थकबाकी कुणाची, कर्ज नाकारलं तर टोकन परत मिळणार का.

विकणाऱ्यांनो, समोरच्या प्लॉटवर नवा टॉवर उठत असेल तर तुमचं गिऱ्हाईक आधी तिकडचं सॅम्पल फ्लॅट बघून येतं. सोसायटीचा नो ड्यूज (थकबाकी नसल्याचा दाखला), शेअर सर्टिफिकेट, आधीचे सगळे करारनामे तयार ठेवा. कागद पुरे असले की घासाघीस कमी होते. आणि विकून इथेच मोठं घर घ्यायचं असेल तर वाढलेल्या भावाने हुरळून जाऊ नका, पुढचं घरही त्याच भावाने मिळणार आहे.

पुतण्याने खारघरला एक फ्लॅट बघून ठेवलाय. त्याला सांगितलंय, सकाळी सातला जा, किचनचा नळ सोडून बघ, आणि मे महिन्यात टँकर किती आले ते वॉचमनला विचार.